डॉक्टर ब्राउन यांची फारसी

लंडनच्या पूर्व भागात, थेम्सच्या गोद्यांना लागून, लाइमहाउस नावाची वस्ती आहे. १८८०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे मिर्झा मोहम्मद बाकिर नावाचे एक इराणी गृहस्थ राहत. मूळचे फार्स प्रांतातल्या बवानातचे. जन्माने शिया मुसलमान. पुढे दरवेश झाले, मग ख्रिस्ती, मग नास्तिक, मग ज्यू, आणि अखेर इस्लाम आणि ख्रिस्ती धर्म यांची सांगड घालून स्वतःचाच एक पंथ काढून बसले. पाचसहा भाषा त्यांना उत्तम येत. त्यांच्याकडे विशीतला एक वैद्यकीय विद्यार्थी फारसी शिकायला येऊ लागला. त्याला हाफिज वाचायचा होता, रूमीची मसनवी वाचायची होती. बाकिर यांनी मात्र स्वतःच एक फारसी काव्य रचलं होतं, त्याच्या नावातही लंडन होतं, आणि शिष्याने तेच वाचावं असा त्यांचा हट्ट. जुन्या कवींचा विषय निघाला की ते तो बाजूला सारत आणि आपल्या ओळींचा अर्थ उलगडू लागत. विद्यार्थी निमूटपणे ऐकून घेई. कारण इतकी जिवंत, खळखळती फारसी त्याला इंग्लंडमध्ये दुसरीकडे कुठे ऐकायला मिळणार नव्हती.

हा विद्यार्थी म्हणजे एडवर्ड ग्रॅनव्हिल ब्राउन. फारसी साहित्याचा इतिहास विद्यापीठात शिकवण्याजोगा विषय आहे, तो कसा शिकवावा आणि कोणाकडून शिकावा, हे पुढच्या चाळीस वर्षांत ज्याने पश्चिमेला दाखवून दिलं, तो हा माणूस.

त्याचा जन्म ७ फेब्रुवारी १८६२चा, ग्लॉस्टरशर परगण्यातल्या युली गावचा. वडील बेंजामिन ब्राउन मोठे इंजिनिअर; न्यूकॅसलला त्यांचा जहाजबांधणीचा कारखाना. मुलाने आपल्याच वाटेने जावं असं त्यांना वाटे. पण १८७७-७८मध्ये रशिया आणि तुर्कस्तान यांचं युद्ध पेटलं आणि शाळकरी एडवर्ड तुर्कांच्या बाजूने पेटून उठला. हरणाऱ्याची बाजू घेण्याचा त्याचा स्वभाव तेव्हापासूनचा. तुर्कांच्या सैन्यात अधिकारी व्हायचं असं त्याने मनाशी ठरवलं आणि त्यासाठी तुर्की शिकायला बसला. युद्ध संपलं, सैनिक होण्याचं राहून गेलं, पण भाषा सुटली नाही. तुर्कीचं साहित्य समजायचं तर अरबी हवी, फारसी हवी. वडिलांशी तडजोड होऊन तो डॉक्टर व्हायला केंब्रिजच्या पेम्ब्रोक कॉलेजात गेला, आणि शरीरशास्त्राच्या पुस्तकांशेजारी त्याने अरबी-फारसीची पुस्तकं मांडली.

त्या काळच्या इंग्लंडमध्ये फारसीचं स्थान काय होतं, हे इथेच सांगायला हवं. विल्यम जोन्स यांचं फारसी व्याकरण १७७१मध्ये निघालं, तेव्हापासून या भाषेला इंग्लंडात गिऱ्हाईक होतं ते ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरांचं. मोगल दरबाराची, तहनाम्यांची, महसुलाच्या कागदांची भाषा फारसी. ती आली की हिंदुस्थानात बढती मिळे. १८०६मध्ये सुरू झालेल्या हेलीबरीच्या कॉलेजात ती शिकवली जाई ती याच हिशेबाने. १८३७मध्ये कंपनीने कचेऱ्यांतून फारसी काढून टाकली आणि तो हिशेबही पातळ झाला. दुसऱ्या टोकाला एडवर्ड फिट्झजेराल्ड यांच्या १८५९च्या उमर खय्यामने इंग्रजी वाचकांना एक धुंद, गुलाबी इराण दिला होता. फिट्झजेराल्ड यांना फारसी शिकवणारे एडवर्ड कॉवेल आता केंब्रिजमध्ये संस्कृतचे प्राध्यापक होते. एडवर्ड ब्राउनही त्यांच्याजवळ फारसी शिकला. म्हणजे एकीकडे कारकुनी आणि दुसरीकडे खय्यामी. ज्या देशात ही भाषा माणसं बोलत होती, भांडत होती, प्रार्थना करत होती, त्या देशाची कोणाला फारशी आठवण नव्हती. १८८४मध्ये ब्राउनने फारसीत पहिला वर्ग मिळवला त्या परीक्षेचं नावसुद्धा ‘इंडियन लँग्वेजेस ट्रायपॉस’ असं होतं.

त्यानंतर लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू इस्पितळात त्याने वैद्यकीचं शिक्षण पुरं केलं. मन मात्र इराणात. वाटेल त्याला तो विचारी, इराणला जायचं तर काय करावं. सरकारी नोकरीखेरीज वाट नाही, असंच उत्तर मिळे. १८८७च्या मे महिन्याअखेर पेम्ब्रोक कॉलेजाने त्याला फेलो निवडलं आणि ही अट एका दिवसात गळून पडली. पैशांची सोय झाली, कोणाची चाकरी नाही, आणि वर्षभर हवं तिथे जायची मुभा. त्याच शरद ऋतूत पंचवीस वर्षांचे डॉक्टर ब्राउन निघाले. काळ्या समुद्राकाठचं त्रबझोन, तिथून एर्झुरूम, आणि घोड्यावरून डोंगर ओलांडत तब्रीझ.

त्या वर्षभरातून १८९३मध्ये ‘अ इयर अमंग्स्ट द पर्शियन्स’ हे पुस्तक झालं. प्रवासवर्णनं त्या काळी ढिगाने निघत. बहुतेकांत वाटेवरचे अवशेष, घाणेरड्या सराया आणि ‘या लोकांचा’ आळस यांचीच नोंद असे. या पुस्तकात माणसं बोलतात. तेहरानच्या हिवाळ्यात ब्राउन मिर्झा असदुल्ला यांच्यापुढे बसून मुल्ला हादी सब्झवारी यांचं तत्त्वज्ञान शिकतात. असदुल्ला हे सब्झवारींचे प्रत्यक्ष शिष्य. इस्फहानमध्ये लपूनछपून राहणारे, त्याच शतकात निघालेल्या बाबी या नव्या धर्मपंथाचे लोक त्यांना भेटतात, शिराझमध्ये रात्र रात्र वाद रंगतात. कोणी धर्म पटवून देतो, कोणी ओळीचा अर्थ सांगतो, कोणी नुसताच गप्पा मारतो, आणि ब्राउन ऐकतात, विचारतात, रात्री परतल्यावर लिहून काढतात. बाकिर यांच्या खोलीत लागलेली सवय त्यांना इथे उपयोगी पडली.

याझदमध्ये ते झरथुष्ट्री व्यापारी अर्देशीर मेहरबान यांचे पाहुणे झाले. मुंबईच्या पारशांना ज्या मायदेशाची ओढ होती, तिथे मागे राहिलेल्या धर्मबांधवांची अवस्था ब्राउन यांनी डोळ्यांनी पाहिली आणि तपशिलाने नोंदली. झरथुष्ट्रींनी पिवळे किंवा मळकट रंगाचेच कपडे घालायचे. वाटेत मुसलमान दिसला की जनावरावरून खाली उतरायचं. तरी हा काळ त्यातल्या त्यात बरा म्हणायचा. त्याचं श्रेय मुंबईकडे जातं. १८५४मध्ये इथल्या पारशांनी माणेकजी लीमजी हातरिया यांना इराणला धाडलं. सुरतेकडच्या या व्यापाऱ्याने तिथे शाळा काढल्या, दखमे, म्हणजे मृतदेह ठेवण्याचे मनोरे, दुरुस्त केले, अधिकाऱ्यांचे उंबरठे झिजवले, आणि मुंबईच्या पैशाच्या आणि इंग्रज वकिलातीच्या पाठबळावर १८८२मध्ये शहा नासिरुद्दीनकडून झरथुष्ट्रींवरचा जिझिया रद्द करवून घेतला. माणेकजींना इतिहासाचाही नाद होता. बाबी चळवळीचा एक वृत्तान्त त्यांनीच एका लेखकाकडून लिहवून घेतला. त्या ‘तारीखे जदीद’चं इंग्रजी भाषांतर पुढे ब्राउन यांनी केलं. इराणच्या अलीकडच्या इतिहासाचं एक महत्त्वाचं साधन पारशी माणसाच्या हौसेमुळे उभं राहिलं, हे आपल्याकडे फारसं कोणी सांगत नाही.

याझदहून किरमान. तिथे दरवेश, बाबी, झरथुष्ट्री, निरीश्वरवादी अशी सगळी मंडळी एकाच बैठकीत जमत. उन्हाळा कडक होता आणि ब्राउन यांच्या डोळ्याला भयंकर ठणका लागला. एका मित्राने अफूची नळी पुढे केली. ठणका थांबला, नळी थांबली नाही. संध्याकाळ झाली की सोबती जमत, धूर होई, बोलणं खोल खोल जाई, आणि निघण्याचा दिवस पुढे पुढे ढकलला जाई. स्वतः डॉक्टर असलेल्या या माणसाने आपण कसे कह्यात गेलो, हे त्या पुस्तकात काही न झाकता लिहिलं आहे. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या केंब्रिजच्या अध्यापकाने असं लिहिणं सोपं नव्हतं. मला तर संपूर्ण पुस्तकात किरमानचीच प्रकरणं सर्वांत मोलाची वाटतात, कारण तिथे पाहणारा आणि पाहिला जाणारा यांच्यातला पडदा गळून पडला आहे. अखेर केंब्रिजहून तार आली: विद्यापीठात फारसीच्या व्याख्यात्याची जागा निघते आहे, उमेदवार होणार का? त्या तारेने त्यांना किरमानमधून उठवलं. अफू त्यांनी निग्रहाने सोडली. १८८८च्या शरद ऋतूत ते परतले आणि व्याख्याते झाले. इराणची भूमी त्यांना पुन्हा कधीच दिसली नाही. पुढची सदतीस वर्षं इराण त्यांच्याकडे येत राहिला, पत्रांतून, हस्तलिखितांतून आणि परागंदा झालेल्या माणसांच्या रूपाने.

त्यांच्या आयुष्यातलं सर्वांत मोठं काम म्हणजे ‘अ लिटररी हिस्टरी ऑफ पर्शिया’. पहिला खंड १९०२चा, चौथा आणि शेवटचा १९२४चा. पहिल्याच खंडात त्यांनी एक महत्त्वाचा निर्णय घेतला. फारसी भाषेत लिहिलेल्या ग्रंथांची यादी करायची नाही, इराणी माणसाच्या बुद्धीने जे जे निर्माण केलं त्याचा इतिहास लिहायचा. मग तबरीचा इतिहास, अल बिरूनीचं गणित-ज्योतिष, इब्न सीनाचं वैद्यक हे सगळं आत आलं, जरी यांतलं बहुतेक लेखन अरबीत आहे. अरबांनी इराण जिंकल्यानंतरची दोन शतकं साहित्यदृष्ट्या कोरी गेली, असं मानणाऱ्यांना हे चोख उत्तर होतं: इराणी प्रतिभा त्या काळात अरबीतून बोलत होती. धर्मपंथ, बंडं, राजवंश, सुफी संप्रदाय, सगळ्यांना त्यांनी साहित्याच्या इतिहासात जागा दिली. नुसता कवींचा चरित्रकोश वाचायची सवय असलेल्यांना हे पहिल्यांदा जड गेलं असेल, पण साहित्याचा इतिहास असाच लिहायला हवा.

आवडीनिवडी लपवायचा त्यांचा स्वभाव नव्हता. फिरदौसीच्या ‘शाहनाम्या’बद्दल जग जे कौतुक करतं ते आपल्याला कधीच मनापासून वाटलं नाही, त्याच्या उपमा त्याच त्या येतात, असं त्यांनी दुसऱ्या खंडात सरळ लिहून टाकलं. मला इथे त्यांचं म्हणणं पटत नाही. वीरकाव्य पाठ करणाऱ्याच्या तोंडून ऐकायचं असतं. पन्नास हजारांच्या आसपास बैतांत उपमा परत येणारच. सोहराब बापाच्या हातून मरतो तो प्रसंग ज्याला हलवत नाही, त्याच्या कानात काहीतरी कमी असावं. पण ज्या प्राध्यापकाने इराणसाठी आयुष्य वाहिलं, त्याने इराणच्या सर्वांत लाडक्या ग्रंथाबद्दल खोटं प्रेम दाखवलं नाही, याचा आदरच वाटतो.

दुसरा खंड १९०६चा आणि तिसरा १९२०चा. मधली चौदा वर्षं कुठे गेली? ती इराणच्या राजकारणात गेली, आणि विद्वत्तेच्या हिशेबात ती वाया गेली असं म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे. डिसेंबर १९०५मध्ये साखरेचे भाव वाढवले म्हणून तेहरानच्या राज्यपालाने प्रतिष्ठित व्यापाऱ्यांच्या तळपायांवर छड्या मारल्या. बाजार बंद झाला. पुढच्या उन्हाळ्यात बारा हजारांहून अधिक माणसं इंग्रज वकिलातीच्या बागेत आश्रयाला जाऊन बसली; एकेका पेठेचा, एकेका धंद्याचा तंबू, मोठाल्या कढयांत शिजणारं अन्न, आणि तंबूतंबूंतून चालणारी राज्यघटनेवरची भाषणं. ३० डिसेंबर १९०६ला मरणशय्येवरच्या शहा मुझफ्फरुद्दीनने घटनेवर सही केली.

ब्राउन यांना जणू आपलं तरुणपण परत मिळालं. ज्या लोकांबरोबर किरमानला रात्री जागवल्या, ते आता संसद मागत होते. आणि ऑगस्ट १९०७मध्ये त्यांच्याच देशाच्या सरकारने रशियाशी करार करून इराणचे दोन प्रभावक्षेत्रांत लचके तोडले. इराणला कोणी विचारलंही नाही. जून १९०८मध्ये नव्या शहाच्या रशियन सेनानीने संसदेवर तोफा डागल्या. ‘सूरे इस्राफील’ या वर्तमानपत्राचे संपादक मिर्झा जहांगीर खान यांना ठार मारण्यात आलं. केंब्रिजचा हा प्राध्यापक वर्तमानपत्रांना पत्रं पाठवू लागला, खासदारांना गाठू लागला. खासदार हेन्री लिंच यांच्यासह त्यांनी पर्शिया कमिटी उभी केली. संसदेतले पुढारी तकीझादेह परागंदा होऊन इंग्लंडात आले तेव्हा त्यांना ब्राउन यांनी आधार दिला. १९१०मध्ये ‘द पर्शियन रिव्होल्यूशन’ प्रसिद्ध झालं, तेव्हा त्यातल्या घटनांची धूळही खाली बसली नव्हती. १९११च्या अखेरीस, ऐन आशुराच्या दिवशी, रशियनांनी तब्रीझचे धर्मगुरू सिकतुल इस्लाम यांना फासावर चढवलं. त्या अत्याचारांची हकिकत ब्राउन यांनी पुस्तिका काढून छायाचित्रांसकट इंग्रज वाचकांसमोर ठेवली.

याच झगड्यातून १९१४चं ‘द प्रेस अँड पोएट्री ऑफ मॉडर्न पर्शिया’ आलं. साडेतीनशेहून जास्त फारसी नियतकालिकांची नोंद त्यात आहे. कलकत्त्याहून निघणारं, इराणच्या क्रांतिकारकांनी डोक्यावर घेतलेलं ‘हब्लुल मतीन’ही आहे. शेजारी वर्तमानपत्रांत छापून आलेल्या कविता आहेत, जहांगीर खानांवरची देहखुदा यांची विलापिकाही आहे. पंधराव्या शतकात जामी गेला आणि फारसी कविता संपली, असं युरोपातले पंडित सांगत होते, तेव्हा हा माणूस कालच्या वर्तमानपत्रातली कविता विद्यापीठाच्या छापखान्यात नेत होता. हेच देहखुदा पुढे ‘लुगतनामा’ हा फारसीचा प्रचंड शब्दकोश रचायला बसले.

साहित्याच्या इतिहासाला पुरावा लागतो आणि पुरावा हस्तलिखितांत असतो. ती छापायची तर पैसा कोण देणार? ब्राउन यांचे मित्र, तुर्की कवितेचे अभ्यासक ई. जे. डब्ल्यू. गिब १९०१मध्ये ऐन चाळिशीत वारले. त्यांच्या आईने मुलाच्या स्मरणार्थ निधी दिला आणि त्यातून गिब स्मारक ग्रंथमाला सुरू झाली. गिब यांचा ‘ऑटोमन कवितेचा इतिहास’ अर्धवट राहिला होता. त्याचे उरलेले पाच खंड ब्राउन यांनी संपादून छापले. मैत्री निभवावी तर अशी. ग्रंथमालेचा पहिला ग्रंथ १९०५चा: हैदराबादच्या सालारजंगांकडच्या हस्तलिखितावरून घेतलेली ‘बाबरनाम्या’ची जशीच्या तशी प्रत.

या मालेमुळे ब्राउन यांना मिर्झा मोहम्मद कझवीनी हे सहकारी लाभले. १९०४मध्ये ते लंडनच्या ग्रंथालयांतली हस्तलिखितं पाहायला म्हणून आले आणि युरोपातच अडकले, ते पस्तीस वर्षं. जुवैनीचा मंगोलांचा इतिहास, ‘तारीखे जहांगुशा’, संपादायचं काम त्यांनी पॅरिसमध्ये घेतलं. प्रत्येक प्रत ओळीओळीने ताडून पाहायची, एका नावासाठी दहा ग्रंथ उलटायचे, खात्री पटेपर्यंत छापखान्याला पान द्यायचं नाही. मुंबईच्या शिळाछाप प्रतींवर वाढलेल्या इराणी वाचकांना अशी शुद्ध प्रत नवी होती. ब्राउन त्यांना शिकवत नव्हते, त्यांच्याकडून शिकत होते. त्यांनी एकदा कझवीनींना विचारलं की सफवींसारखं बलाढ्य घराणं दोन शतकांहून अधिक राज्य करत असताना इराणात थोर कवी का झाले नाहीत? कझवीनींनी १९११मध्ये पाठवलेलं उत्तर ब्राउन यांनी चौथ्या खंडात छापलं आहे. सफवींनी सगळं बळ शिया मत पसरवण्यात घातलं. सुफींचा छळ केला. प्रवासी इब्न बतूताला जागोजाग भेटलेली खानकाहं, म्हणजे सुफींचे मठ, इराणातून नाहीशी झाली आणि कवींच्या जागी धर्मशास्त्री आले, असा त्यांचा निष्कर्ष.

कवी कुठे गेले, याचं उरलेलं उत्तर हिंदुस्थानात होतं. शिबली नोमानी यांच्या ‘शेरुल अजम’चा आधार घेऊन ब्राउन यांनी मोगल दरबाराकडे गेलेल्या कवींची गोष्ट सांगितली. मला तिथे अहमदनगर आठवतं. कवी जुहूरी इराणातून दख्खनेत उतरला, त्याने आपला ‘साकीनामा’ दुसऱ्या बुऱ्हाण निजामशहाला अर्पण केला आणि मग तो विजापूरला इब्राहिम आदिलशहाकडे गेला. त्याचे सासरे, कवी मलिक कुमीही याच वाटेने गेले. इतिहासकार फिरिश्ताही आधी निजामशाहीत, मग आदिलशाहीत. फारसीचं हे दख्खनी दालन ब्राउन यांनी दार किलकिलं करून पाहिलं आणि ते पुढे निघून गेले. हिंदुस्थानात बहरलेली फारसी कविता त्यांना कृत्रिम वाटे. त्यांच्या इतिहासातली ही मोठी उणीव आहे, आणि ती भरून काढणं आपल्याकडच्या विद्यापीठांचं काम होतं.

१९०२पासून ते केंब्रिजमध्ये अरबीचे प्राध्यापक होते. बोलण्याचा वेग इतका की नव्या विद्यार्थ्याला धाप लागे. पेम्ब्रोकमधल्या खोलीत फारसी, तुर्की, अरबी एकामागून एक सुरू राहत. रेनल्ड निकल्सन हे त्यांचे शिष्य. रूमीच्या मसनवीची मूळ संहिता, भाषांतर आणि भाष्य असे आठ खंड त्यांनी १९२५ ते १९४० या काळात पुरे केले. लाइमहाउसला बाकिर यांनी जी वाचू दिली नव्हती, ती मसनवी अशी एका शिष्याच्या हातून जगापुढे आली.

जून १९२५मध्ये ब्राउन यांच्या पत्नी ॲलिस वारल्या. ५ जानेवारी १९२६ला ब्राउनही गेले. त्यांच्या हस्तलिखितांची सूची निकल्सन यांनी पुरी करून १९३२मध्ये छापली. इतिहासाच्या तिसऱ्या खंडाचं फारसी भाषांतर अली असगर हिकमत यांनी केलं, चौथ्याचं रशीद यासमी यांनी. तेहरान विद्यापीठाजवळच्या एका रस्त्याला ब्राउन यांचं नाव दिलं गेलं. १९७९च्या क्रांतीत शहरभरची नावं बदलली, ते राहिलं. कझवीनी मात्र ‘जहांगुशा’च्या प्रती ताडतच होते. पहिला भाग १९१२मध्ये निघाला होता, दुसरा १९१६मध्ये. तिसरा भाग गिब ग्रंथमालेने १९३७मध्ये छापला, आणि दोन वर्षांनी कझवीनी इराणला परतले.